पहिलीतली मुले आणि आपले विजयोत्सव

२०२५ च्या जूनच्या अखेरीस राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचे निर्णय मागे घेतले, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर, इथे जर्मनीत मला, ठाण्याहून अभिनंदनाच्या संदेशांची रीघ लागली. आता दिवाळीनंतरचे सत्र तोंडावर आले आहे आणि हिंदी तिसरीपासून असावी की पाचवीपासून, यावर दादा आणि आमचे मामेभाऊ पुन्हा हिरीरीने लिहू लागले आहेत. माझी भाची घोडबंदर रोडवरच्या एका इंग्रजी शाळेत यंदा पहिलीत आहे. ती येत्या सत्रात नेमके काय शिकणार आहे, असे मी गटावर विचारले, तेव्हा वहिनीने स्नेहसंमेलनाच्या वेशभूषेची यादी पाठवली. त्यात तिचा दोष नाही, कारण शाळेने पालकांना कळवले होते ते एवढेच.

माझ्या चिडीचे मूळ इथे आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य ठरवली. (१६ एप्रिल ही तारीख प्रत्येक ठाणेकराला १८५३ साली बोरीबंदराहून आलेल्या पहिल्या आगगाडीमुळे पाठ असते.) विरोध वाढल्यावर १७ जूनला, म्हणजे मुले पहिलीच्या वर्गात बसल्यावर, सुधारित निर्णय निघाला, त्यात हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ असेल आणि दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास वर्गात किमान २० विद्यार्थी लागतील, असे म्हटले होते. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीची घोषणा झाली आणि ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका मंचावर आले. या अडीच महिन्यांत दादाने गटावर जे काही पाठवले, त्यात सहा वर्षांच्या मुलाला अक्षर कसे लागते, यावर एक ओळही नव्हती.

योगायोग असा की, ५ जुलै याच तारखेला, २०२१ साली, केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले होते. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि हिशेब करता यावा, हे २०२६-२७ पर्यंत गाठायचे त्याचे उद्दिष्ट आहे. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचता यावे आणि ९९ पर्यंतच्या संख्या याव्यात, दुसरीत ९९९ पर्यंत आणि तिसरीत ९,९९९ पर्यंत, असे त्याचे टप्पे आहेत. प्रत्यक्षात २०२४ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशभरच्या सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २३.४ टक्के निघाली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते, त्यामुळे सुधारणा आहे हे मान्य केले, तरी चारातली तीन मुले वाचू शकत नाहीत, हे उरतेच. ‘असर’ ही ग्रामीण भागाची पाहणी असल्यामुळे शहापूर-मुरबाडकडच्या मुलांची ती गोष्ट आहे, असे घोडबंदरच्या टॉवरमधला पालक समजून चालतो. त्याच्या मुलाला इंग्रजी अक्षरे येतात, कविता घडाघडा म्हणता येते, आणि तेवढ्यावर त्याचे समाधान होते.

माझा धाकटा मुलगा सप्टेंबरच्या मध्यावर स्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात, हातात शुलट्यूटे, म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशीचा खाऊ-भेटींचा कागदी शंकू, धरून, पहिलीला गेला. पहिल्याच एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, वर्गशिक्षिकेने सगळ्यांना वर्षभराचे एक पान दिले. गणितात वर्षभर २० पर्यंतच्याच संख्या आहेत. त्या फोडायच्या, जोडायच्या, मण्यांनी मांडायच्या, आणि दहाच्या पुढे जाताना बोटे मोजण्याची गरज पडू नये इतक्या अंगी बाणवायच्या. शंभरापर्यंत दुसरीत जायचे, हजारापर्यंत तिसरीत. आपण पहिलीतच ९९ पर्यंत पोहोचतो, याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिसरीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी घालून पाहावी. चौथीत इथली मुले दहा लाखांपर्यंत पोहोचलेली असतात, त्यामुळे सावकाश निघाल्याने त्यांचे काही अडलेले मला दिसले नाही.

भाषेच्या बाबतीतही आमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याचा अनुभव दादासाठी सोयीचा नाही आणि त्याच्या विरोधकांसाठीही नाही. इथे २००३ नंतर पहिलीपासूनच परकी भाषा शिकवली जात होती, ऱ्हाइनकाठच्या शाळांत फ्रेंच आणि इतरत्र इंग्रजी. २०१८-१९ पासून ती तिसरीवर नेण्यात आली, कारण ते तास पहिली-दुसरीच्या मुलांना जर्मन आणि गणितासाठी हवे होते. पुढे नोर्डऱ्हाइन-वेस्टफालेन या राज्यानेही तसेच केले. प्रश्न तासांचा होता आणि तो तासांच्याच हिशेबाने सुटला.

हे गटावर लिहिल्यावर दादाने उत्तर दिले की, जर्मनीतल्या एकाच भाषेच्या गावातून ठाण्याकडे पाहणे सोपे असते. मला ते लागले. आमच्या गावच्या शाळेच्या अंगणात तुर्की, क्रोएशियन, अरबी आणि युक्रेनियन ऐकू येते, हे त्याला ठाऊक नाही. शिवाय घोडबंदरच्या कोणत्याही सोसायटीच्या बागेत संध्याकाळी जाऊन उभे राहिले, तर मराठी घरातली मुलेही झोपाळ्याच्या रांगेत हिंदीतच भांडताना दिसतात. त्यांना हिंदी शिकवायला शासन निर्णय लागत नाही, आणि तो रद्द केल्याने ती थांबतही नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले आणि आज त्याबद्दल कोणीही मंचावर चढत नाही. मी आणि दादा नौपाड्यातल्या मराठी शाळेत शिकलो, दोघांनाही हिंदी आणि इंग्रजी पाचवीत भेटल्या, आणि त्यावरच तो बँकेत आणि मी इथे पोहोचले. त्याच दादाने मुलीला अशा शाळेत घातले आहे, जिथे ती घरात कोणीच बोलत नाही त्या भाषेत वाचायला शिकते आहे. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला असल्यामुळे तिला मराठीही आहे, पण आठवड्यातल्या मोजक्या तासांपुरती.

हे मी त्याला ज्या सुरात सांगितले, तो सूर मला एरवी सुट्टीत ठाण्याला आलेल्या परदेशस्थ पाहुण्यांच्या तोंडी मुळीच आवडत नाही. शिवाय काही गोष्टी मी गटावर लिहिलेल्या नाहीत. २०२१ च्या जर्मन पाहणीत चौथीतली सुमारे १९ टक्के मुले वाचनाची किमान पातळीसुद्धा गाठू शकली नव्हती. चौथीनंतर दहा वर्षांच्या मुलांची कोणी गिम्नाझियुमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेला, जावे आणि कोणी नाही अशी जी विभागणी होते, तिच्याबद्दलही मी गप्प बसले, कारण माझी थोरली मुलगी त्या विभागणीत वरच्या बाजूला निघाली.

ती मुलगी मराठी समजते आणि मला उत्तर जर्मनमध्ये देते. शनिवारी आम्ही काही कुटुंबे चर्चच्या भाड्याच्या खोलीत मराठी शिकवतो आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवलेले पहिलीचे पुस्तक सहा वर्षांच्या मुलालाही देतो आणि बारा वर्षांच्या मुलीलाही. मुलाने आधी आपल्या घरच्या भाषेत वाचायला शिकावे, हा जो दंडक मी भाचीसाठी लावते, तो माझ्या मुलांनी पाळलेला नाही, आणि इथे राहायचे ठरवल्यावर तो पाळता येण्यासारखाही नव्हता. वरळीची दोन्ही भाषणे मी शेवटपर्यंत ऐकली. ज्यांना टाळ्या पडल्या त्या वाक्यांना माझेही हात शिवशिवले, आणि मागाहून जाणवले की, मला ठाणे मराठी राहायला हवे आहे ते भाचीच्या वाचनापेक्षा माझ्या मुलांना उन्हाळ्यात चार आठवडे मराठी ऐकायला मिळावी म्हणून. ती सोयही आता उरलेली नाही, कारण माझी मुले आणि भाची आपसात इंग्रजीत खेळतात. जर्मन पासपोर्ट घेतल्यापासून ठाण्यात मला मतही नाही, तेव्हा दादाने मला गप्प राहा म्हटले, तर मी काय उत्तर देणार?

समितीच्या अहवालाचे जे व्हायचे ते होवो. दरम्यान मी वहिनीला सुचवले आहे की, दिवाळीनंतरच्या पहिल्या पालकसभेत तिने बाईंना विचारावे की वर्गातली किती मुले न पाहिलेले वाक्य स्वतःहून वाचतात, मराठीच्या तासाला फळ्यावरचे उतरवून घेण्यापलीकडे काय होते, आणि संख्या म्हणण्याखेरीज मांडून दाखवायला मुलांना काही साहित्य मिळते का. वहिनी तयार आहे. फक्त हे प्रश्न इंग्रजीत लिहून पाठव, असे तिने मला सांगितले आहे, कारण त्या शाळेत मराठीत विचारणाऱ्या पालकांना थोडक्यात उत्तर मिळते.