बांडगूळ नाही हो, सीतेची वेणी होती ती!

गेल्या मे महिन्यात आमच्या काकांनी कुडाळच्या घरामागच्या रायवळ आंब्यावरची सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, कोयत्याने खरवडून काढली. अंगभर कळ्या होत्या तिला. कारण काय, तर ग्रुपवर आलेला मेसेज. ‘ऑर्किड हे बांडगूळ असून झाडाचा रस शोषते, म्हणून झाडावर ठेवू नये. कुंडीत शेणखत-माती भरून लावावे, आठवड्याला बर्फाचे तीन खडे द्यावेत. एकदा फुलून गेले की झाड संपते. बेडरूममध्ये ठेवल्यास रात्रभर ऑक्सिजन मिळतो, हे नासाने सिद्ध केले आहे. विकत घेऊ नका, जंगलात फुकट मिळते, नाहीतर बी ऑनलाइन मागवा.’ खाली दोन गुलाब आणि ‘सर्व ग्रुपवर पाठवा’. हा मजकूर मला आतापर्यंत चार ठिकाणांहून आलाय. डोंबिवलीच्या ग्रिलमध्ये बारा वर्षं ऑर्किड वाढवतोय, तेव्हा उत्तर लिहिणं भाग आहे.

आधी बांडगुळाचं बघू. आंब्यावरचं खरं बांडगूळ फांदीच्या आत घुसतं. त्याचं फळ फुलटोचा खातो, चिकट बी फांदीला पुसतो, आणि त्या बीमधून निघालेलं शोषक मूळ साल भेदून आतल्या पाण्याच्या नळ्यांना जाऊन भिडतं. तिथे फांदीला गाठ येते. बांडगूळ ओढून काढायला गेलात तर फांदीच मोडून हातात येते. सीतेची वेणी काढताना काकांना काय दिसलं असेल? सालीवर पसरलेली, करंगळीएवढी जाड, राखाडी मुळं. ती सुटल्यावर खाली आंब्याची साल जशीच्या तशी. भोक नाही, गाठ नाही. ऑर्किड झाडावर फक्त बसायला जागा घेतं. शास्त्रात अशांना अपिवनस्पती म्हणतात. त्या मुळावर थोडं पाणी शिंपडून बघा, राखाडी रंग डोळ्यांदेखत हिरवा होतो. बाहेर मेलेल्या पेशींचा स्पंजासारखा थर असतो, तो पावसाचं पाणी टिपून घेतो आणि भिजला की पारदर्शक होऊन आतला हिरवा गाभा दाखवतो. म्हणजे हे मूळ पाणी पिण्याबरोबर थोडंफार अन्नही स्वतःच तयार करतं. आंब्याच्या रसाची त्याला गरजच नाही. वाळक्या फांदीवर ऑर्किड दिसलं की लोक आळ त्याच्यावर घेतात. पण जो रस शोषून जगतो, तो वाळलेल्या फांदीवर काय खाऊन जगेल?

हे मूळ एकदा डोक्यात बसलं की मातीचा सल्ला आपोआप बाद होतो. पाऊस येतो, मूळ भिजतं, वारा येतो, सुकतं. त्याला ही सवय. शेणखत-मातीत कोंबलंत तर हवा मिळत नाही आणि ते कुजतं. कुजलेलं मूळ ओळखायला सोपं आहे. चिमटीत धरून ओढलं की तपकिरी साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. पहिल्या वर्षी माझी तीन झाडं अशीच गेली, तेव्हा मला मेसेजचीही गरज पडली नव्हती. आता लाकडी कोळसा, विटेचे तुकडे आणि दोन दिवस पाण्यात भिजवून धुतलेली नारळाची सोडणं, एवढ्यावर भागतं.

बर्फाची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. अमेरिकेत फॅलेनॉप्सिस (दुकानात भेटीसाठी मिळणारं रुंद पानांचं ऑर्किड) विकताना हा सल्ला देतात, आणि 2017 साली तिथल्या दोन विद्यापीठांच्या अभ्यासात आठवड्याला तीन खड्यांनी झाडाचं नुकसान होत नाही असंच दिसलं. पण ती झाडं घरातली, सालीच्या तुकड्यांत लावलेली. कोळसा-विटांच्या कुंडीत, एप्रिलच्या उन्हात, ग्रिलमध्ये तीन खड्यांचं पाणी दुपारपर्यंतही टिकत नाही. माझ्याकडे उन्हाळ्यात रोज सकाळी मग्गाभर पाणी लागतं, आणि जुलैत आठ-आठ दिवस काहीच नाही.

‘फुलून गेले की संपते’ या वाक्यामुळे दर वर्षी किती चांगली झाडं कचऱ्यात जात असतील! दिवाळीत भेट आलेलं फॅलेनॉप्सिस दोन-तीन महिने फुलतं, मग नुसती पानं राहतात. दांडा हिरवा असेल तर कापू नका, त्याच्याच पेरातून पुन्हा फाटा फुटू शकतो. डेंड्रोबियम हे कांड्यांचं ऑर्किड, त्याच्या पानं गळालेल्या जुन्या कांड्याही ठेवा, ती त्याची साठवणीची कोठी असते. फॅलेनॉप्सिसला दांडा धरायला काही आठवडे गारवा लागतो, आणि डोंबिवलीत तो येतो कुठून? माझं एक झाड दोन वर्षं नुसती पानं काढत बसलं. वैतागून पुण्याला बहिणीकडे दिलं, तर तिच्याकडे पहिल्याच जानेवारीत दांडा. मुंबई-कोकणात ज्याला सुरुवात करायचीय त्याने डेंड्रोबियम घ्यावं. दमट उकाडा त्याला मानवतो.

आता नासा. 1989 सालचा तो अभ्यास बंद पेटीत झाडं ठेवून बेंझिन, फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं कमी होतात का, हे बघण्यासाठी होता. रात्रीच्या ऑक्सिजनचा त्यात संबंध नाही. गोंधळ कशाने झाला असावा ते सांगतो. फॅलेनॉप्सिससारखी ऑर्किडं पाणी वाचवण्यासाठी दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात, मग उजेड आला की त्याची साखर करतात. रात्री वायू आत घेतो म्हणजे ऑक्सिजन सोडतच असणार, असं कोणीतरी जुळवलं. पण ऑक्सिजन सुटतो पाण्याच्या विघटनातून, आणि त्याला उजेड लागतो. अंधारात झाड आपल्यासारखाच श्वास घेतं. बेडरूममध्ये ठेवा की, पण उशाशी नको, खिडकीत ठेवा.

जंगलातून आणा नाहीतर बी मागवा, हा शेवटचा सल्ला सगळ्यात वाईट. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ असते, एका बोंडात लाखांनी, आणि त्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं, हे फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी 1899 साली ओळखलं. 1922 साली अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळाच्या जेलीवर) बी रुजवून दाखवलं, आणि रोपवाटिकांचा रस्ता मोकळा झाला. तेव्हा ऑनलाइन पाकिटातून टपोरं बी आलं, तर ते भोपळ्याचं असेल, मिरचीचं असेल, ऑर्किडचं नाही. (निळ्याशार फॅलेनॉप्सिसचंही तेच. दांड्यात रंग टोचलेला असतो, पुढची फुलं पांढरी येतात.) आणि जंगलातलं झाड ‘फुकट’ नसतं. राखीव वनातून ते आणणं बेकायदा आहे, काही जाती तर वन्यजीव कायद्याच्याच यादीत आहेत. उपटताना मुळं तुटतात, म्हणून घाटात पेंढीने विकलेली बहुतेक झाडं वर्षही काढत नाहीत. सह्याद्रीत एका झाडाला फुलण्याएवढं व्हायला बरीच वर्षं लागतात, ती त्या पेंढीत गेली. टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेलं, डेंड्रोबियम आज रोपवाटिकेत साध्या जेवणाच्या बिलाएवढ्यात मिळतं, मग हे कशाला?

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “अरे, मग आता काय करू? ती तर खाली पडलीय.” म्हटलं, सुतळीने परत बांधा, सावलीच्या बाजूला, माती लावू नका. श्रावणात त्यांनी फोटो पाठवला. दोन पानं वाळलेली, सुतळी हिरवट झालेली, आणि तिच्याखालून आंब्याच्या सालीवर सरकणारं एक नवं मूळ, टोकाला पोपटी. खाली एकच ओळ होती: ‘खत कुठलं घालू?’