धोका शुगरमुळे नाही, जिभेखालच्या गोळीमुळे

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. शुगरवाल्यानं लिंगाच्या ताठरतेची गोळी घेतली की अटॅक ठरलेला. ताकद जाते ती शुगरच्या गोळ्यांनीच, तेव्हा त्या बंद करा. शुगरवाल्याला ती गोळी लागू पडत नाही, उलट तिची सवय लागते. त्यापेक्षा अमुक पावडर घ्या, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही. जी लागूच पडत नाही तिची सवय कशी लागते, हे मात्र मेसेजात नसतं.

अटॅकची भीती अगदीच खोटी नाही, पण मेसेज बोट भलतीकडे दाखवतो. सिल्डेनाफिल हे औषध आधी छातीत दुखण्यावर वापरून पाहिलं होतं. ताठरतेसाठी अमेरिकेत त्याला 1998 साली मंजुरी मिळाली. ते रक्तवाहिन्या सैल करतं, वरचं बीपी साधारण 8 ने उतरतं. नुसती शुगर असलेल्या माणसाला एवढं सहज झेपतं. जीव जातो तो दुसऱ्याच जोडीनं: ही गोळी आणि नायट्रेट. नायट्रेट म्हणजे जिभेखालची सॉर्बिट्रेट, हृदयासाठी रोज चालू असलेली आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. हृदयाचीच निकोरँडिल गोळीही त्यातच धरायची. नायट्रेट शरीरात ज्या रसायनाची निर्मिती वाढवतं, त्याचंच विघटन सिल्डेनाफिल थांबवतं. दोन्ही एकत्र आली की बीपी एकदम कोसळतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मेडिकलमधून गुपचूप आणलेली गोळी, घरात कुणाला पत्ता नाही. रात्री छातीत दुखायला लागतं, शेजारचा माणूस खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतो, कारण ‘ही गोळी नेहमी जवळ ठेवा’ असाही मेसेज त्याच ग्रुपवर आलेला असतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर 24 तास आणि टाडालाफिल, म्हणजे ताठरतेचीच दुसरी गोळी, घेतल्यावर 48 तास सॉर्बिट्रेट नको. 108 ला फोन करायचा, माणसाला आडवं करायचं आणि डॉक्टरला गोळीचं नाव, वेळ, दोन्ही सांगायचं. लाज तेवढ्यापुरती बाजूला ठेवायची. ज्यांना नायट्रेट रोज चालू आहे त्यांनी या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन चालू असेल तर तो डोस आधी स्थिरावू द्यायचा, मग सिल्डेनाफिल 25 मिलिग्रॅमपासून. गेल्या सहा महिन्यांत अटॅक किंवा पॅरालिसिस झाला असेल, दोन जिने चढताना छाती आवळत असेल, तर आधी हृदयाची तपासणी. आणि मे महिन्यात, भुसावळचा पारा 45 च्या आसपास असताना, दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन, वर दारू घेऊन गोळी घेतली तर चक्कर येऊन पडायला नायट्रेटचीही गरज नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर जास्तच जपा.

शुगरच्या गोळ्यांनी ताकद जाते, हे उलटं आहे. वाढलेली साखर नसा खराब करते आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही. गोळ्या बंद केल्या की तेच काम जोरात होतं. लिंगाची रक्तवाहिनी 1-2 मिलिमीटरची, हृदयाची 3-4. अडथळा आधी बारीक नळीत जाणवतो, म्हणून ही तक्रार नव्यानं सुरू झाली तर ईसीजी, कोलेस्टेरॉल, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्यावं. सकाळी अकराच्या आत टेस्टोस्टेरॉनही. मेटफॉर्मिनबद्दल एकच खरं: वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-12 कमी होऊ शकतं, पायाला मुंग्या येत असतील तर ते बघा. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः थायाझाइड आणि अटेनोलॉलसारख्या जुन्या बीटा ब्लॉकरनी, ताठरता कमी होऊ शकते. त्या बदलून मिळतात, पण स्वतःहून सोडायच्या नाहीत.

‘घेऊन पाहिली, काही झालं नाही’ हे मात्र नेहमी ऐकू येतं. 1999 साली 268 मधुमेही पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिल्डेनाफिलनं 56 टक्क्यांना फरक पडला, नुसत्या दिखाऊ गोळीनं 10 टक्क्यांना. शुगर नसलेल्यांपेक्षा यश कमी मिळतं, तरी निम्म्यांहून जास्तच आहे. बाकीच्यांत बऱ्याच जणांची घेण्याचीच रीत चुकलेली असते. तेलाची तर्री असलेली शेवभाजी किंवा भरीत-पुरी पोटभर हाणून सिल्डेनाफिल घेतलं तर असर तासभर मागे पडतो आणि कमीही होतो. हलकं खाऊन, तासभर आधी घ्यायचं. सुरुवात बहुधा 50 पासून, डॉक्टर वाढवतील तर 100 पर्यंत, दिवसातून एकदाच. पासष्टी ओलांडलेल्यांना, किडनी किंवा लिव्हर बरीच बिघडलेल्यांना 25. टाडालाफिलला जेवणाचं बंधन नाही, असर 36 तासांपर्यंत राहतो; गरजेपुरती 10 किंवा 20, नाहीतर रोज 5. दोन्हींपैकी कोणतीही गोळी मनात इच्छा आणि स्पर्श नसताना काम करत नाही. घेऊन टीव्ही बघत बसलं तर काहीच होणार नाही. योग्य डोसवर सहा-आठ वेळा पाहिल्याशिवाय ‘लागू नाही’ म्हणू नये. त्यानंतरही जमलं नाही तर युरोलॉजिस्टकडे व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, इम्प्लांट आहेत.

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, जळजळ, टाडालाफिलनं कंबरदुखी, हे होतं आणि उतरतं. चार तासांवर ताठरता राहिली किंवा एका डोळ्याची नजर अचानक गेली, तर वाट न बघता दवाखाना. सवयीचं म्हणाल, तर शरीराला या गोळ्यांचं व्यसन लागत नाही.

उरली पावडर. ‘वनस्पतीची’ म्हणून विकलेल्या अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांत तपासणीत सापडलंय. किती ते पुडीवर नसतं, म्हणजे सॉर्बिट्रेटचा धोका तोच, फक्त लपलेला. 2008 साली सिंगापूरमध्ये अशाच मालात ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी, निघाली. शुगर नसलेली माणसं साखर उतरून बेशुद्ध झाली, काही दगावली. आधीच ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असलेल्या माणसाला असा माल कुठं नेईल ते कळतंच. कुणी ती घेतलीच असेल तर पुडी फेकू नका. घाम फुटून, हातपाय थरथरून माणूस खाली बसला तर आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा, 70 च्या खाली असेल आणि शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात पाजा, आणि ती पुडी डॉक्टरच्या हातात द्या.