या महिन्यात एकच पुस्तक

आज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर एकानं महिन्याभरात वाचलेल्या पुस्तकांचा फोटो टाकला, हा एवढा गठ्ठा, खाली आकडा, आणि मग विचारत सुटला तुमची किती झाली. मी लिहिलं, एक. त्यावर धडाधड हसणारे इमोजी. दिवसभर डोकं फिरलंय माझं.

ती एक म्हणजे उद्धव शेळक्यांची 'धग'. १९६० सालची कादंबरी, संवाद वऱ्हाडी. आणि ती मी आजीला मोठ्यानं वाचून दाखवतेय, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिला बारीक अक्षर नीट लागत नाही. रात्री जेवणं आटोपली की तिच्या पलंगावर. दोन-तीन पानं झाली की हात वर करते, थांब. आणि मग कौतिकशी बोलते, माझ्याशी नाही! "खाऊन घे वं माय आधी." पुस्तकातल्या बाईला!! नवऱ्याचा आधार नाही, त्यात त्याला महारोग, लेकरं, घरात दाणा नाही आणि ही बाई संसार ओढतेच आहे.

आता सांगा, हे कोणत्या आकड्यात बसवू मी? पंधरा मिनिटांत पुस्तकाचा सारांश, दीडपट स्पीडनं ऑडिओ, काय लावलंय हे. 'धग'चा काय सारांश करणार बे? गरीब बाई, फार सोसते, झालं?

एका रात्री आजी म्हणाली, "आमच्या घरीबी असंच व्हतं." आणि जे सांगितलं ते बाबांनाही माहीत नव्हतं. ज्वारी उसनी आणायची तर टोपलं पदराखाली झाकून मागच्या दारानं जायचं, सासऱ्याला दिसलं तर त्यांची मान खाली जाईल म्हणून. पुस्तक कितीतरी वेळ माझ्या मांडीवर तसंच उघडं.

हो, भराभर वाचणाऱ्यांचंही वेड खरं असतं, मान्य. माझी एक मैत्रीण फडशा पाडते आणि तिला सगळं आठवतं. असो.

पण सगळीच पुस्तकं तशी नसतात नं. २०२५ च्या जूनमध्ये मारुती चितमपल्ली गेले तेव्हापासून त्यांचं एक पुस्तक उशाशी आहे, रेंगाळत चाललंय. वनखात्याच्या नोकरीत नवेगाव बांधच्या तळ्यावर पाखरं बघत वर्षं काढलेला माणूस, त्याचं लिखाण मी मेट्रोत सीताबर्डी ते खापरी उरकून टाकू? काहून?

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या मित्राला एवढंच विचारायचंय की बाबा, त्या गठ्ठ्यातल्या कोणत्या पुस्तकातल्या माणसाला तुझ्या घरात कोणी जेवायला सांगितलं?

आणि आमची 'धग' अजून संपलेली नाही. थोडी पानं उरलीत पण आजी पुढे जाऊ देत नाही, "उद्या वाच" म्हणते रोज. तुमच्या घरी वऱ्हाडाकडचं कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना वाचून दाखवा, मोठ्यानं, आणि ते कौतिकला काय म्हणाले ते इथे खाली लिहा. मी आजीला वाचून दाखवीन.