‘दुप्पट लावत जा, हरणारच नाही’ म्हणे!

‘घरच्या कॉम्प्युटरवर कॅसिनो : हमखास जिंकायची पाच सूत्रं’ हा मेसेज माझ्याकडे याआधी चार वेळा आला होता आणि चारही वेळा मी तो न वाचता उडवला होता. पाचव्यांदा तो आला धाकट्या काकांकडून, खाली ‘करून पाहिलं, चालतं!’ अशी टीप जोडून. काका आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात होते. म्हणून हा खटाटोप.

पहिलं सूत्र : रुलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायच्या खेळात, लाल किंवा काळ्यावर लावा, हरलात की दुप्पट लावा. कधीतरी जिंकालच, आणि जिंकलात की मागचं सगळं वसूल होऊन वर नफा.

काकांनी याची वही केली आहे. डेमोत, म्हणजे सरावाच्या खेळात, १००० चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) फुकट मिळतात, सुरुवात १० पासून. डावांच्या ओळी, प्रत्येक ओळीपुढे हिरव्या शाईची बरोबरची खूण. शेवटच्या पानावर दोनदा अधोरेखित केलेलं ‘१२४०. नफा २४०’. अक्षर मोत्यासारखं. पण समासात तीन ठिकाणी पेन्सिलीने बारीक ‘पु. सु.’ लिहिलेलं दिसलं.

“काका, हे काय?”

“पुन्हा सुरू. तिथे चिप्स संपल्या होत्या गं. पान परत उघडलं की भरून येतात.”

म्हणजे चार वेळा १००० घेतले, तीन वेळा सगळे घालवले आणि हातात उरले १२४०. हा नफा नाही, २७६० चा खड्डा आहे. दुसऱ्याच्या कागदात एका आण्याची चूक पकडणारा हा माणूस! पण डेमोत खड्डा दिसतच नाही, कारण तो दर वेळी कुणीतरी भरून देतं.

गणितही फार नाही. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० असे सहा डाव सलग हरलात की ६३० गेले. सातव्याला ६४० हवेत, शिल्लक आहेत ३७०. सूत्र तिथेच संपलं. एकाच शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात : १८ लाल, १८ काळी आणि एक शून्याचं. म्हणजे त्यांतली १९ तुमच्या विरुद्ध. दहापासून सुरू करून जिंकेपर्यंतचे डाव ही एक मालिका धरली, तर त्या हिशेबाने सलग सहा हरण्याची वेळ साधारण ५५ मालिकांत एकदा येते. ५४ वेळा दहा-दहा जिंकून ५४० मिळवायचे आणि एका फटक्यात ६३० द्यायचे! दोन शून्यांच्या चाकावर हा हिशेब आणखी वाईट. खिसा मोठा असेल तर तो दिवस लांबतो, पण फटकाही तेवढाच मोठा बसतो. शिवाय टेबलावर कमाल रकमेची मर्यादा असते, तिचा मेसेजमध्ये उल्लेखसुद्धा नाही.

दुसरं सूत्र : सहा वेळा लाल आलं की काळ्याची ‘पाळी’. चाकाला पाळ्या ठाऊक नसतात. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत काळं सलग २६ वेळा आलं, आणि ‘आता तरी लाल’ म्हणत लोक आपले पैसे ओतत राहिले. पुढे काही लिहायची गरज नाही.

तिसरं : ‘कॉम्प्युटर म्हणजे प्रोग्राम, प्रोग्रामला पॅटर्न असतोच, तो वहीत उतरवा.’ इथे मला थोडं गिळावं लागतंय, कारण यात अर्धं सत्य आहे. १९९९ मध्ये रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीजच्या मंडळींनी एका ऑनलाइन पोकरची पत्ते पिसण्याची पद्धत खरोखर फोडली होती. आमचा खेळ किती सचोटीचा, हे दाखवायला खेळ बनवणाऱ्यांनी ती पद्धत स्वतःच जाहीर केली होती! पिसणी सुरू व्हायची ती मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्या आकड्यावरून. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, म्हणजे शक्य पिसण्याही तेवढ्याच. बावन्न पत्त्यांच्या खऱ्या शक्यता लिहायच्या तर ६८ अंकी संख्या होते. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवल्यावर शक्यता दोन लाखांच्या आसपास उरल्या. मग हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते पाहून बाकी सगळे सांगता येत होते.

पण हे नीट वाचा. त्यांच्या हातात पिसण्याची पद्धत होती आणि शोध घ्यायला त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम होता. तीनशे फिरक्यांचे ‘ला, का, का, ला’ लिहून हे साधत नाही. काकांच्या वहीत पॅटर्न आहे तो शाईच्या रंगांचा.

चौथं : ‘स्लॉट ९६ टक्के परत देतो, म्हणजे शंभरातले चारच जाणार.’ स्लॉट म्हणजे बटण दाबून चित्रं फिरवायचं मशीन. ते ९६ टक्के तुम्ही भरलेल्या रकमेवर नसतात. लावलेल्या प्रत्येक डावावर असतात, तेही लाखो फिरक्यांच्या सरासरीने. मिनिटाला दहा फिरक्या, प्रत्येकी एक चिप धरली तर तासात ६०० चिप्स लावल्या गेल्या. त्यांचे चार टक्के म्हणजे २४. खिशातून आणले होते शंभरच. रात्री उशिरा मशीन ‘गरम’ होतं, हेही याच सूत्रात आहे. ते सोडून देते.

पाचवं : ‘जॉइनिंग बोनस म्हणजे फुकटचे पैसे.’ अटी वाचा. १०० चा बोनस काढून घेण्याआधी तो तीस वेळा खेळवा अशी अट असेल, तर ३००० लावावे लागतात. त्याच चार टक्क्यांनी १२० जातात. शंभराच्या भेटीसाठी एकशेवीस.

आता मेसेजच्या तळाशी असलेला दुवा बघा. पत्ता संपल्यावर प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे अक्षरं-आकड्यांचं लांब शेपूट आहे. अशी शेपटं बहुधा कुणाकडून कोण आलं हे ओळखायला लावतात. कॅसिनोकडे माणसं पाठवणाऱ्यांना त्या माणसांच्या हरलेल्या पैशातून टक्केवारी देण्याची पद्धत या धंद्यात सर्रास चालते. काकांना मी बोटाने ते शेपूट दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“म्हणजे मी हरलो तर याला पैसे?”

“हो, काका. आणि तुम्ही हा मेसेज आणखी अकरा जणांना पाठवलाय.”