‘500 जोड्या पाठ करा, इंग्रजी खिशात’: जरा थांबा

मालवण-तारकर्लीपासून दापोली-गुहागरपर्यंत होमस्टेवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इंग्रजी शब्दांच्या 500 जोड्या, म्हणजे ‘हेवी रेन’सारखे नेहमी एकत्र येणारे शब्द, पाठ करा, पाहुण्यांशी फाडफाड बोलाल. एका मराठी अर्थाचे इंग्रजी शब्द कसेही अदलून-बदलून वापरले तरी चालतात. मराठीत असली जोड्यांची भानगडच नाही. आणि आपल्याकडे बोलल्या जाणाऱ्या इंग्रजी जोड्या सरसकट चुकीच्या. चारांतलं एकही पटण्यासारखं नाही, आणि अदलाबदलीचं तर किनाऱ्यावर अंगाशी येईल.

मेसेजात ‘भरती’पुढे हाय टाइड आणि स्प्रिंग टाइड एकाच ओळीत दिलेत, हवं ते वापरा म्हणून. हाय टाइड ही आपली रोजची भरती, साधारण 12 तास 25 मिनिटांनी पुन्हा येणारी. स्प्रिंग टाइड म्हणजे उधाण, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं. वसंत ऋतूशी त्याचा काडीचा संबंध नाही. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती म्हणजे नीप टाइड. ती बिचारी यादीत नाहीच. आता ‘स्प्रिंग टाइड असताना पाण्यात उतरू नका’ अशी इंग्रजी पाटी गेटवर लावलीत, तर जाणकार पाहुणा आभाळात अर्धा चंद्र बघेल, आज हरकत नाही म्हणेल आणि ऐन भरतीत उतरेल.

हेवी आणि स्ट्राँगचंही तेच, मराठीत दोन्ही ‘जोराचा’. पाऊस हेवी, वारा स्ट्राँग. ‘दर्याला करंट आहे’ म्हणतो तो करंटही स्ट्राँगच. हवामान खात्याने तर हेवी हा शब्द मापात बसवलाय: 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून हेवी, 115.6 पासून व्हेरी हेवी, 204.5 पासून एक्स्ट्रीमली हेवी. तिथे स्ट्राँग रेन लिहून कसं चालेल? समुद्र खवळला की मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात ‘रफ सी’ येतं, पण जुन्या खलाशी इंग्रजीत ‘हेवी सीज’ही आहे. म्हणजे कोण, कुठे बोलतोय हेही बघावं लागतं.

मराठीत जोड्या नाहीत म्हणणाऱ्याने पावसाळ्यात एकदा पडवीत बसून लोकांचं बोलणं ऐकावं. पाऊस पडला म्हणजे आला. वारा पडला म्हणजे गेला! क्रियापद एकच, परिणाम उलटा. भरती येते, ओहोटी लागते. आपण हे पाठ केलेलं नसतं, म्हणून दिसत नाही एवढंच.

राहिला 500 चा आकडा. ऑक्सफर्डने 2002 साली शब्दांच्या संगतीचाच वेगळा कोश काढला, त्यात दीड लाखावर जोड्या आहेत. बरं, तेवढ्या पाठ झाल्या तरी अडचण उरतेच. ‘मेक अ बुकिंग’ आणि ‘टेक अ बुकिंग’ दोन्ही बरोबर आहेत, पण मेक करतो पाहुणा आणि टेक करतो खोलीचा मालक. ‘आय हॅव मेड युअर बुकिंग’ असं उत्तर तुम्ही धाडलंत, तर पुढच्याला वाटेल, यांच्याकडे जागा नाही, आपली सोय दुसरीकडे केली. यादीत दोन्ही जोड्या शेजारी-शेजारी आहेत, पण कुठली कुणाच्या तोंडी, याबद्दल अवाक्षर नाही. मी म्हणेन, पाहुण्यांचे जुने मेल उघडा आणि त्यांतली आख्खी वाक्यं वहीत उतरवा. वीस मेलांत धंद्यापुरतं बरंच सापडतं.

आपल्या जोड्या चुकीच्याच, हेही अर्धवट आहे. ‘डू द नीडफुल’ (आवश्यक ते करावे) हा साहेबाच्याच कचेरीतला शब्दप्रयोग. तिकडे तो जुना झाला, इकडे टिकला. तालुक्याच्या अर्जात तो खुशाल लिहा, कुणी अडवणार नाही. ‘गिव्ह एक्झाम’ मात्र परदेशी माणसापुढे जपून, कारण त्याच्या लेखी परीक्षा ‘गिव्ह’ करणारा मास्तर असतो. आणि ‘माय डॉटर पास्ड आउट’ एवढंच म्हणालात, तर मुलगी बेशुद्ध पडली असं समजून विलायती पाहुणा पाण्याचा तांब्या शोधायला धावेल. पुढे ‘फ्रॉम द नेव्हल अकॅडमी’ जोडलंत, तर अभिनंदन करील.