'ठासणीच्या बंदुकीला लायसन्स लागत नाही' हा मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या महिन्यात आत्तेभावानं गावाहून फोटो पाठवला. घराच्या माळ्यावर पणजोबांची ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची जुनी बंदूक) सापडली होती आणि हा पठ्ठ्या अंगणात बसून ती पॉलिश पेपरनं घासत होता. नळीचं तोंड त्याच्या मांडीकडे. मी लगेच फोन करून आधी ती खाली ठेवायला सांगितली. असं का केलंस म्हटलं, तर उत्तर आलं, "अरे, तो मेसेज नाही का वाचलास?"

वाचला होता. आतापर्यंत तिघांनी पाठवलाय. मजकूर थोडक्यात असा: बंदूक ठासणीची आणि १०० वर्षांपेक्षा जुनी असेल तर लायसन्स लागत नाही. नळीत फुंकून बघा, मग टोपी (घोडा आपटल्यावर ठिणगी देणारी स्फोटक टिकली) लावून चाप ओढा. बार उडाला नाही म्हणजे रिकामी. चिंच-लिंबू आणि पॉलिश पेपर लावून गंज पूर्ण काढा, पाण्यानं धुवा. मोडतोड घरीच दुरुस्त करा. दारू मिळाली नाही तर काडतुसातली काढून भरा. अशा बंदुकीला लाखो रुपये येतात.

जुन्या बंदुका बघण्याचा, परवानाधारक कारागिराशेजारी बसून त्यांची देखभाल शिकण्याचा मला पंधरा वर्षांचा नाद आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यात भयंकर आहे ते फुंकणं आणि टोपी वाजवणं. बंदूक भरलेली आहे की नाही हे माहीत नाही, म्हणून तिच्या तोंडाला तोंड लावायचं? काणं, म्हणजे टोपीची ठिणगी नळीत जाण्याचं मागचं छिद्र, गंजानं बुजलेलं असेल तर रिकाम्या नळीतूनही हवा जात नाही, त्यामुळे फुंकून काहीच कळत नाही. आणि टोपी लावून चाप ओढणं म्हणजे तपासणी नव्हे, तो बारच. शिकारी लोक बार भरण्याआधी टोपी वाजवून काणं मोकळं करायचे हे खरं. पण नळी रिकामी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं.

ठासणीच्या बंदुकीतून बार, म्हणजे आत ठासलेली दारू आणि छर्रे, सहज बाहेर काढता येत नाही. रानडुकरासाठी भरली, डुक्कर आलं नाही, की ती तशीच भिंतीवर टांगली जायची. भरणारा माणूस वारला तरी बार आत तसाच. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. कोरडी राहिली तर ती वर्षानुवर्षं बिघडत नाही, दमट झालेलीही वाळल्यावर पेट घेऊ शकते. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियात एक अनुभवी संग्राहक यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना स्वतःच्या घराच्या आवारात ठार झाला. तो गोळा १४० वर्षांहून जुना होता.

तपासायची साधी रीत अशी. नळीचं तोंड कुणाकडेही नको, आपल्याकडे तर नकोच. घोड्याला आणि चापाला हात लावायचा नाही. बाजूला उभं राहून लाकडाची सरळ काठी तोंडातून हळूच नळीत सरकवायची, जिथे अडेल तिथे नळीच्या तोंडाशी खूण करायची. मग काठी बाहेर काढून, खूण तोंडाशी जुळवून, बाहेरून नळीला समांतर धरायची. रिकामी असेल तर काठीचं टोक काण्यापर्यंत पोचतं. आमची काठी चार बोटं अलीकडेच थांबली.

त्यानंतर आम्ही तिला हात लावला नाही. पोलीस ठाण्यात कळवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून परवानाधारक कारागीर आला. त्यानं काण्यातून आणि तोंडातून पाणी सोडून दारू भिजवली, रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी गजाच्या टोकाला पेचाचं हत्यार लावून बार ओढून काढला. आधी काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा काथ्या आणि शेवटी काळा रेंदा. या बंदुकीवर भाऊ तासभर पॉलिश पेपर चालवत होता, आणि त्याची दोन्ही मुलं समोर बसून बघत होती.

आता लायसन्सचं. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३, पोटकलम ३ उघडून बघा. परवाना कुणाला द्यावा हे सांगताना तिथे पिकांच्या संरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. लायसन्स लागतच नसतं, तर कायद्यानं ते द्यायची तरतूद कशाला केली असती? कोकणात शेतीसंरक्षणाचे परवाने असलेली माणसं गावोगाव आहेत, त्यांना विचारा.

या मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेही सांगतो. त्याच कायद्याचं कलम ४५ जुन्या बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट देतं. पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. ही अटच मेसेजमधून गाळलीय. बार भरलेली आमची बंदूक यात कशी बसणार? १०० वर्षांचा आकडा बहुधा १९७२ च्या पुरावशेष (जुन्या ऐतिहासिक वस्तूंच्या) कायद्यातून उचललाय. वस्तू पुरावशेष ठरते कधी, यासाठी तो आहे. बंदुकीच्या परवान्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत अशा बंदुकांना केंद्रीय कायद्यात बरीच मोकळीक आहे, लोक घरी सुटे भाग जुळवून त्या बनवतात. ते व्हिडिओ बघून इथे हात घालू नका. आपल्याकडे विनापरवाना बाळगण्याला २ ते ५ वर्षं आणि विनापरवाना बनवणं किंवा दुरुस्त करणं याला किमान ७ वर्षं शिक्षा आहे. माळ्यावर बंदूक सापडली तर आधी पोलीस ठाण्यात कळवा, मग ती जमा करून पावती घ्या. मूळ परवान्याचे कागद असतील तर वारस स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो.

काडतुसातल्या दारूबद्दल एकच वाक्य पुरे: ती बिनधुराची असते, तिचा दाब जुन्या लोखंडी नळीला झेपत नाही आणि नळी फुटते ती डाव्या हातापाशी, डोळ्यांसमोर.

पाण्यानं धुवा हे बरोबर आहे, पण नुकत्याच उडवलेल्या बंदुकीसाठी. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि ती पाण्यानंच निघते. नंतर नळी पूर्ण वाळवून तेल लावायचं असतं. शंभर वर्षं टांगलेल्या बंदुकीला त्याचा उपयोग नाही. चिंच-लिंबू तर नकोच. आंबट रस लोखंडाच्या बारीक खड्ड्यांत राहतो आणि गंज पुन्हा फुटतो. लाल, बोटाला लागणारा गंज तेवढा काढायचा. रिकामी असल्याची खात्री झाल्यावर हलकं तेल लावून एक रात्र ठेवा, मऊ फडक्यानं पुसा, पुन्हा लावा. आठवडा लागला तरी चालेल. खालचा काळपट तपकिरी थर राहू द्या, तोच लोखंड सांभाळतो. जाणकार संग्राहक आधी तो थर शाबूत आहे का ते बघतो, मगच मोल सांगतो. चकचकीत केलेल्या नळीला लाखो मिळत नाहीत.

आमच्या नळीवर काण्याच्या पुढे मोडी अक्षरांची एक ओळ कोरलेली निघाली. नाव असावं, किंवा गाव. पहिली चार अक्षरं स्पष्ट आहेत. पुढे दोन बोटं लोखंड पांढरं झालंय, तिथे फक्त पॉलिश पेपरचे ओरखडे दिसतात. बंदूक जमा करण्याआधी त्या ओळीचे फोटो काढून ठेवलेत आणि मोडी वाचणाऱ्या एका बाईंकडे पाठवलेत.