ऑइलचा लाल दिवा आणि टेफ्लॉन टेप : भुसावळच्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार.

ऑइलच्या लाल दिव्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं असं : गाडी चालू झाल्यावरही दिवा विझत नसेल तर ऑइल स्विच (इंजिनला बसवलेला, तेलाच्या प्रेशरवर चालणारा स्विच) बदलावा, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे द्यावेत आणि मोकळं व्हावं. फारच झालं तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावावा. मल्टिमीटर, तेलाचं प्रेशर मोजणारं गेज वगैरे सांगून मी लोकांना घाबरवतो, आणि दिवा पेटतो का ते पाहायला स्विचची वायर काढून बॉडीला टेकवा, असं सांगणं धोक्याचं आहे. तुमच्या गाडीचा दिवा याच उपायाने गेला, हेही तुम्ही लिहिलंय.

वायर टेकवण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. ती चाचणी फक्त एका वायरच्या साध्या स्विचसाठी आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत तीन वायरींचा प्रेशर सेन्सर असतो, त्याला ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, ५ व्होल्ट येतात. तिथे वायर अर्थला, म्हणजे बॉडीला, लावली तर महागात पडू शकतं. हे मी लेखात लिहायलाच हवं होतं. ती ओळ आज घातली आहे. तुमचे आभार.

बाकीचं मात्र मला पटत नाही.

साध्या गाडीत चावी ऑन केली की मीटरमधल्या दिव्याच्या एका बाजूला पुरवठा येतो. दुसऱ्या बाजूची वायर खाली ऑइल स्विचवर जाते. इंजिन बंद असताना स्विच आतून जोडलेला असतो, वायरला अर्थ मिळतो, दिवा पेटतो. तेलाचं प्रेशर आलं की स्विच आतली जोडणी तोडतो आणि दिवा विझतो. ही वायर वाटेत कुठेही बॉडीला लागली तर दिवा पेटलेलाच राहणार, स्विच कितीही बदला. आणि ती थेट मीटरला जात असल्याने ईसीयूला तिचा पत्ताच नसतो. स्कॅनर तिथे काय दाखवणार?

मागच्या मे महिन्यात रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी जुनी डिझेल गाडी घेऊन आले. दोन स्विच बदलून झाले होते. "भो, दिवा जातच नही," एवढंच म्हणाले. आधी पट्टी काढून तेल पाहिलं, बरोबर होतं. मग इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन केली आणि स्विचवरची वायर ओढून काढली. दिवा तसाच. म्हणजे दोष स्विचच्या वर, वायरीत. मीटरमागचा कपलर सोडवून त्या वायरीची अर्थशी कंटिन्यूटी (जोडणी आहे का ते) पाहिली, मल्टिमीटर वाजतच राहिला. वायरीवरून बोट फिरवत गेलो. सेल्फच्या मागे एक क्लिप तुटली होती आणि वायर लोखंडी पट्टीवर टेकली होती. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने इन्सुलेशन कडक झालेलं, थरथरून घासलेलं. उघडं तांबं तिळाएवढं दिसत होतं, बस्स. सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली, नवी क्लिप मारली. त्यांचे दोन्ही जुने स्विच तपासले, दोन्ही चांगले निघाले.

वायर काढल्यावर दिवा विझला, तर मात्र दोनच शक्यता उरतात : स्विच खराब, नाहीतर प्रेशर खरोखर कमी. यातलं कोणतं, ते स्विच काढून त्याच जागी गेज लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी गेजचा आग्रह धरतो. माझ्या चुलत भावाच्या गाडीत इंजिन तापलं की आयडलला दिवा लुकलुकायचा, रेस दिली की विझायचा. एका गॅरेजमध्ये स्विच बदलला, फरक पडला नाही, तेव्हा वायरच काढून ठेवली. धुळ्याहून शिरपूरला जाताना इंजिन जाम झालं. खोललं तेव्हा ऑइलच्या जाळीवर काळा चिखल घट्ट बसलेला आणि बेरिंगचा वरचा थर जाऊन तांबं उघडं पडलेलं. दिवा खरं बोलत होता. भावाने त्या गाडीचं कर्ज नुकतंच फेडलं होतं. ते इंजिन मी विसरू शकत नाही, म्हणून तुम्हाला इतकं लांबलचक लिहितोय.

शिवाय दिवा विझला म्हणजे प्रेशर पुरेसं आहे, असंही नाही. बऱ्याच गाड्यांत हा स्विच अर्ध्या बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आतबाहेरच जोडणी तोडतो. गरम इंजिनला किती हवं तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, गेज त्याच्याशी ताडून पाहायचं.

आता टेप. एका वायरच्या स्विचला अर्थ मिळतो तो त्याच्या आट्यांतूनच. तिथे टेप जाड बसला तर अर्थच तुटू शकतो. मग प्रेशर शून्य असलं तरी दिवा पेटणार नाही. तुमचा दिवा दुरुस्तीने गेला की टेपने, हे मला इथून सांगता येत नाही, पण तुम्हाला मिनिटात कळेल. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. लाल दिवा पेटला तर सर्किट शाबूत आहे, मग गरम इंजिनला एकदा गेज लावून घ्या. नाही पेटला तर गाडी तिथेच ठेवा, स्विच काढा, टेप सोला, आटे पुसून कंपनीने वॉशर दिला असेल तर तो घालून बसवा आणि पुन्हा चावी ऑन करून पाहा. काय दिसलं ते इथेच लिहा, मी वाट पाहतो.